विजेवरची होडी मंदावली, चार्ज पुरेना? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

कर्लीच्या खाडीत, देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात विजेवर चालणाऱ्या लहान होड्या दुरुस्त करायचं काम मी करतो. १४ ते १८ फुटी फायबरच्या होड्या, मागे ४८ व्होल्टची आउटबोर्ड मोटर आणि मधल्या बाकाखाली बॅटरी. एक तक्रार मात्र दर हंगामात पुन्हा पुन्हा येते. "बॅटरी गेली रे, तिच्यात आता दम नाय." होडी घेतली तेव्हा पळायची तशी पळत नाही आणि सकाळी केलेला चार्ज दुपारच्या फेरीला पुरत नाही. सांगणारा बहुतेक वेळा नव्या बॅटरीच्या किमतीची चौकशी करूनच आलेला असतो. मी होडी पाण्यात घेऊन तपासतो तेव्हा बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत निघते. दोष पंख्यात (प्रोपेलरमध्ये), तळाला, पाण्यात किंवा एखाद्या कळकलेल्या जोडात असतो.

बॅटरी हा या होडीतला सगळ्यात महाग भाग. तिच्यावरचा संशय म्हणूनच शेवटी घ्यायचा. खालचा क्रम तसाच लावला आहे: आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं आणि मग कारागिराला बोलवायचं.

लक्षणं

तुमच्या होडीला यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. "पळत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

– थ्रॉटल पूर्ण दिला तरी वेग पूर्वीपेक्षा कमी, मोटरचा आवाज मात्र चढलेला.
– थ्रॉटल पूर्ण, वेग कमी आणि आवाजही मंद, दबलेला.
– वेग ठीक आहे, पण बॅटरीचा टक्का भराभर उतरतो.
– पहिली १५-२० मिनिटं उत्तम, मग ताकद आपोआप कमी होते. थोडा वेळ थांबलं की परत येते.
– टक्का ३०-४० दाखवत असतानाच मोटर एकदम बंद पडते.
– एका दिशेला पळते, परत येताना रांगते.

शेवटचं लक्षण असेल तर आधी भरतीचा विचार करा. बहुतेकदा त्या होडीत दोष नसतोच.

हात लावण्याआधी

मेन स्विच बंद करा आणि थ्रॉटलजवळची सुरक्षा-चावी काढून खिशात ठेवा. पेट्रोलचं इंजिन चालू आहे की बंद ते कानाला कळतं. विजेची मोटर मात्र गप्प उभी असते आणि कुणाचा कोपर थ्रॉटलला लागला की त्याच क्षणी पंखा फिरतो. पंख्यात बोटं असताना हे झालं तर बोटं जातात. दुसरी गोष्ट: या मोटरींमध्ये कायमचे चुंबक असतात. दुसऱ्या होडीनं तुमची होडी ओढून नेताना पंखा पाण्यात राहिला, तर तो फिरतो आणि मोटर उलट वीज तयार करते. म्हणून होडी ओढून नेताना मोटर वर उचला.

बिनखर्चाच्या तपासण्या

फळ्या उचला आणि तळात साचलेलं पाणी बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन बादल्या पाणी फिरत असेल तर २५-३० किलो, म्हणजे एक शाळकरी मूलच फुकट फिरवताय. त्याहून वाईट म्हणजे हे पाणी होडी चालू लागली की मागे धावतं, मागचा भाग खाली बसतो, नाळ (होडीचं पुढचं टोक) वर येते आणि होडी पाणी कापण्याऐवजी ढकलत जाते. फायबरच्या होडीला दोन थरांमध्ये फोम असेल आणि तळाला जुनी भेग असेल, तर तो फोम वर्षानुवर्षं पाणी पितो. असं पाणी डोळ्यांना दिसत नाही. होडी काठावर ओढताना पूर्वी चार माणसं पुरायची आणि आता सहा लागतात, एवढीच त्याची खूण. मागच्या वर्षी एका काकांची होडी अशीच निघाली. बॅटरी दोनदा तपासून झाली होती. तळाचा निचऱ्याचा बूच काढून होडी तिरकी करून ठेवली, तर रात्रभर पाणी गळत होतं.

वजन कुठे आहे तेही बघा. बॅटरी मागे, चालवणारा मागे आणि दोन पाहुणेही मागेच बसले तर वेग जाणारच. एका माणसाला पुढच्या बाकावर बसवून फरक बघा. एवढ्यानेच तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

मग पंखा. मोटर वर उचला, पंखा हातानं सावकाश फिरवा. अडखळतो का? खरखर येते का? दांड्याभोवती तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेला आहे का, हे पंखा काढूनच बघावं लागतं, कारण तो पंख्याच्या मागच्या फटीत शिरून घट्ट बसतो आणि बाहेरून दिसत नाही. आमच्या खाडीत जाळ्यांचे तुकडे, गळाची दोरी, प्लास्टिकच्या पिशव्या यांचा तोटा नाही. तंगूस नुसता वेग खात नाही. गरम होऊन तो तेलाची सील कापतो, सीलमधून खारं पाणी आत जातं आणि मग खर्च हजारांत पोहोचतो. या हंगामात मी ज्या दोन मोटरी उघडल्या, त्या दोन्हींचं मूळ तंगुसात होतं. पंखा महिन्यातून एकदा तरी काढाच. काढताना पिन आणि वॉशर कोणत्या क्रमानं बसले आहेत त्याचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

पात्यांच्या कडांवरून बोट फिरवा. खडकाला किंवा वाळूला घासून कड बोथट झाली असेल, खाच पडली असेल, एक पातं किंचित वाकलं असेल, तर पंख्याची ओढ कमी होते आणि तीच वीज पाणी घुसळण्यात जाते. बारीक खाचा कानशीनं नीट करता येतात. पातं वाकलं असेल तर पंखा बदला. ठोकून सरळ केलेलं पातं दुसऱ्या पात्याशी कधीच जुळत नाही आणि त्या थरथरीनं बेअरिंग जातं. मागे कधी पंखा बदलला असेल तर त्याच्यावर कोरलेला व्यास आणि पिच (एका फेरीत पंखा किती पुढे सरकेल ते अंतर) हे आकडे जुन्या पंख्याशी ताडून बघा. "तोच आहे, बसतो" म्हणून पेट्रोल इंजिनाचा पंखा लावलेल्या होड्या माझ्याकडे आल्या आहेत. विजेच्या मोटरीला साधारण मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा मानवतो.

आता तळ. भरतीला होडी काठावर घ्या आणि ओहोटीला तिच्याखाली हात घाला. डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळतं. बुळबुळीत शेवाळ, केसासारखं गवत, आणि बार्नॅकल, म्हणजे त्या धारदार पांढऱ्या कवच्या. खाऱ्या पाण्यात होडी बांधून ठेवली तर काही आठवड्यांत या कवच्या बसतात. लोक त्या खरवडतात, पण शेवाळाचा पातळ थर "एवढ्यानं काय होतंय" म्हणून तसाच ठेवतात. तोही वेग खातो. विजेच्या होडीत हे पेट्रोलपेक्षा लवकर जाणवतं, कारण आपल्याकडे ताकद मुळात मोजकी असते. तीन किलोवॉट म्हणजे जेमतेम चार अश्वशक्ती. पंख्यावर चार-पाच कवच्या बसल्या तरी मोटरचा आवाज बदलतो. खरवडायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. लोखंडी खुरप्यानं फायबरवरचा गुळगुळीत थर जातो आणि पुढच्या वेळी कवच्या तिथेच आधी बसतात.

शेवटी मोटरची उंची. चढ्या आवाजाचं पहिलं लक्षण असेल तर इथेच थांबून नीट बघा. पंखा पाण्याच्या पृष्ठभागाच्या फार जवळ असेल तर तो वरून हवा ओढतो. हवेत फिरणाऱ्या पंख्याला जोर लागत नाही. म्हणून आवाज चढतो, वीज कमी लागते आणि होडी जागच्या जागी. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली दोन बोटं असायला हवी. पुढे वजन टाकल्यावर किंवा लाटेत मागचा भाग उचलला गेल्यावर आवाज एकदम चढत असेल तर मोटर आणखी खाली घ्या. मोटरचा दांडा उभा असू द्या. तिरका असेल तर पंखा होडीला पुढे ढकलण्याऐवजी काही ताकद वर किंवा खाली खर्च करतो.

वेग मोजायचा कसा

इथवर काही सापडलं नाही, किंवा सापडून दुरुस्त केलं आणि फरक पडला का ते बघायचंय, तर मोजावं लागेल. अंदाजानं होडीचा वेग कळत नाही. मलाही नाही कळत.

मोबाइलमधलं कोणतंही जीपीएस अॅप चालेल, पण ते काय दाखवतं ते लक्षात घ्या. ते जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवतं. खाडीचं पाणी स्वतः चालत असतं, त्यामुळे ओहोटीबरोबर जाताना होडी उगाच वेगवान दिसते आणि परत येताना मेल्यासारखी. म्हणून दोन्ही दिशांना मोजायचं. काठावरच्या दोन खुणा धरा, एखादा माड आणि एखादी जेट्टी, त्यांच्यात साधारण ५०० मीटर अंतर असू द्या आणि तेवढ्याच थ्रॉटलवर एकदा जा, लगेच परत या.

हिशेबात एक चूक जवळपास सगळे करतात. समजा जाताना ३ मिनिटं ११ सेकंद लागले आणि येताना ४ मिनिटं ५० सेकंद. लोक म्हणतात, एक किलोमीटरला ८ मिनिटं १ सेकंद, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्याही किंचित खाली. हे चुकलं. दोन्ही फेऱ्यांचा वेग वेगवेगळा काढा: जाताना ९.४, येताना ६.२. त्यांची सरासरी ७.८. होडीचा पाण्यातला खरा वेग हाच. प्रवाहाविरुद्ध होडी जास्त वेळ असते, म्हणून एकूण वेळेनं भागलं की उत्तर नेहमी कमी येतं. आपण फरक शोधतोय तोच मुळी अर्ध्या-एक किलोमीटरचा, तेव्हा ही चूक परवडत नाही.

दिवसही बघून निवडा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जोरात ओढतं. अष्टमीच्या आसपासच्या भांगात ते शांत असतं, म्हणून मी त्या दिवसांत मोजतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते हा जुना हिशेब मुंबईकडे बऱ्यापैकी जुळतो. मालवणकडे भरती त्याच्या आधी लागते, म्हणून तक्ता बघून घ्या. खाडीच्या आत पाणी भरल्याबरोबर प्रवाह थांबतोच असंही नाही. पाण्यात एखादी काटकी टाका, ती जवळजवळ जागच्या जागी राहिली की सुरू करा. वेळ सकाळची बरी, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा चढतो आणि हलक्या होडीला तो चांगलाच अडवतो. पाण्याची खोली दोन मीटर तरी असू द्या. उथळ पाण्यात होडीचा मागचा भाग खाली ओढला जातो आणि जोर जास्त लागतो. माणसं दर वेळी तेवढीच.

वेगासोबत विजेचा आकडा हवाच. मोटरच्या पडद्यावर वॅट दिसत असतील तर उत्तम. नसतील तर बॅटरीच्या उणे तारेत शंट (वीज मोजण्यासाठीची धातूची पट्टी) घालून बसवायचा साधा मीटर मिळतो, तो बसवून घ्या. महाग नसतो. वायरमनकडून क्लॅम्प मीटर आणणार असाल तर तो डीसी मोजतो का ते आधी विचारा, बऱ्याच जणांकडचा फक्त एसी मोजतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. वॅटला ताशी वेगानं भागलं की एका किलोमीटरला किती वॅट-तास लागले ते मिळतं. हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट.

माझ्या स्वतःच्या १६ फुटी होडीचे आकडे देतो. तळ स्वच्छ, तीन माणसं, लिथियम फॉस्फेटची ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे सुमारे ५.१ युनिट. ताशी ५ किलोमीटरला ३३० वॅट लागतात, म्हणजे किलोमीटरला ६६ वॅट-तास. ताशी ७ ला ९०० वॅट, म्हणजे १२९ वॅट-तास. थ्रॉटल पूर्ण दिला तर ९.२ चा वेग मिळतो आणि २,६०० वॅट जातात, म्हणजे किलोमीटरला २८३ वॅट-तास. बॅटरीतले ८० टक्के वापरायचे धरले तर पहिल्या वेगानं ६० किलोमीटरच्या वर जाता येतं, दुसऱ्यानं ३० च्या थोडं पुढे, आणि पूर्ण थ्रॉटलवर जेमतेम साडेचौदा.

हा फरक बघून लोक चक्रावतात, पण पाण्याचा नियमच तसा आहे. वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. शिवाय पाण्यात बसलेल्या लांबीनुसार प्रत्येक होडीला एक मर्यादा असते. लांबीचं, फुटांत, वर्गमूळ काढून १.३४ नं गुणलं की ती नॉटमध्ये मिळते. पाण्यात १५ फूट बसलेल्या होडीला ती ५.२ नॉट, म्हणजे ताशी ९.६ किलोमीटर येते. त्याच्या जवळ गेलं की होडी आपल्याच लाटेचा चढ चढायला लागते आणि जास्तीची वीज त्या लाटेत जाते. केरळात वैकम ते तवणक्कडवू मार्गावर २०१७ पासून ७५ प्रवाशांची आदित्य ही सौर-विजेची बोट चालते. तिचे तळ दोन आहेत, अरुंद आणि लांब, आणि ती सावकाशच जाते. "चार्ज पुरत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, नवा चालवणारा ठेवलाय का? बऱ्याचदा उत्तर हो असतं, आणि तो पूर्ण थ्रॉटलवर चालवत असतो.

दोन आकडे एकत्र वाचा

तुमच्याकडे होडी नवी असतानाचे आकडे असतील तर दोष कुठल्या बाजूला आहे ते इथेच कळतं.

वॅट पूर्वीइतकेच, वेग कमी: वीज मोटरपर्यंत नीट पोहोचते आहे. तळ, पंखा, वजन यांच्याकडे परत जा. बॅटरीला हात लावू नका.

वॅट पूर्वीपेक्षा जास्त आणि वेग कमी: काहीतरी अडकलंय किंवा घासतंय. तंगूस, पिशवी, पंख्यावरच्या कवच्या, चुकीचा पंखा.

वॅट कमी, वेग कमी, आवाज चढलेला: पंखा हवा ओढतोय. पंख्याची पिन तुटून तो दांड्यावर घसरत असेल तरी असंच होतं.

वॅट कमी, वेग कमी, आवाजही दबलेला: आता विजेच्या बाजूला बघायचं.

वॅट आणि वेग दोन्ही पूर्वीसारखे, फक्त चार्ज लवकर संपतो: एवढ्या एकाच वेळी बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे.

तारा आणि जोड

खाऱ्या हवेत तांबं कळकतं. लगच्या (तारेच्या टोकाला लावलेल्या धातूच्या कडीच्या) आत, जिथे तार दाबून बसवलेली असते, तिथे हिरवा कळंक चढतो आणि बाहेरून लग चकचकीत दिसत राहतो. म्हणून बघून भागत नाही, मोजावं लागतं.

होडी जेट्टीला पक्की बांधा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अधिक खिळ्यावर टेकवा (लगवर नाही, खिळ्यावर) आणि दुसरं टोक कंट्रोलरच्या (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीच्या) अधिक टोकावर. दुसऱ्या माणसानं १०-१५ सेकंद थ्रॉटल पूर्ण द्यायचा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या तारेत वाया जात आहेत. तसंच उणे बाजूला. ५० अँपिअरला एका बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. त्याच्यावर गेला तर टोक सरकवत सरकवत कोणत्या जोडावर उडी दिसते ते शोधा: लग, फ्यूज, मेन स्विच, प्लग.

परवा एका होडीत ५२ अँपिअरला २.१ व्होल्ट एकट्या मेन स्विचच्या जोडात जात होते. म्हणजे १०९ वॅट उष्णता, लाकडी पेटीच्या आत. दोन व्होल्टनं ताकद जेमतेम चार टक्के कमी होते, पण खरी अडचण पुढे आहे. कंट्रोलरला बॅटरीचे व्होल्ट दिसत नाहीत, त्याच्या टोकाला पोहोचलेले दिसतात. ते कमी दिसले की तो "बॅटरी संपत आली" असं समजून ताकद आवळतो. मालकाला वाटतं बॅटरी गेली. तो लग कापून, तार स्वच्छ भागापर्यंत मागे सोलून, नवा लग योग्य पकडीनं दाबून बसवला आणि होडी पूर्वीसारखी झाली. हातोड्यानं ठोकून लग बसवू नका. नवी तार घ्यायची तर कथिलाची कल्हई केलेली, होडीसाठीची घ्या. साधी तांब्याची तार आतून काळी पडत जाते.

एप्रिल-मे मधली तक्रार

१५-२० मिनिटांनी मंदावणारी होडी म्हणजे बहुतेक वेळा तापलेला कंट्रोलर. स्वतःला वाचवायला तो वीज कमी करतो. कंट्रोलर बंद बाकात, लाइफ जॅकेटांच्या ढिगाखाली असेल तर त्याला हवा मिळत नाही. जागा मोकळी करा, बाकाला झडपा पाडा. वॅटचा आकडा पाचव्या मिनिटाला आणि पंचविसाव्या मिनिटाला लिहून ताडा. मोकळ्या हवेतही उतरत असेल तर पुढचं काम कारागिराचं.

बॅटरीची खरी परीक्षा

लिथियम फॉस्फेट बॅटरीचे व्होल्ट बघून ती किती भरली आहे ते सांगता येत नाही. भरलेली असताना तास-दोन तासांच्या विश्रांतीनंतर साधारण ५३.५ च्या आसपास, आणि मग मधला मोठा टप्पा ते फारसे हलतच नाहीत. टक्का दाखवणारा मीटर आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजून हिशेब ठेवतो आणि तो हिशेब हळूहळू चुकत जातो. बॅटरी नेहमी ८०-९० टक्क्यांवरच चार्जरवरून काढून घेत असाल तर तो दुरुस्त होत नाही. म्हणून पहिला उपाय फुकटचा: चार्जर स्वतः थांबेपर्यंत पूर्ण चार्ज करा, वर आणखी काही तास लावून ठेवा, आणि असं दोन-तीन वेळा करा. आतले सेल यानं एका पातळीला येतात. पावसाळाभर होडी वर ओढून ठेवली आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घातली, की टक्का ३०-४० असताना बंद पडण्याच्या तक्रारी येतात. त्यातल्या बऱ्याच एवढ्यावर मिटतात.

बॅटरीला ब्लूटूथ असेल तर चालू मोटरवर १६ सेलचे आकडे बघा. पंधरा सेल ३.२ च्या आसपास आणि एकच २.८ वर कोसळत असेल, तर त्या एका सेलसाठी संरक्षक सर्किट सगळी बॅटरी बंद करतं. दोन-तीन पूर्ण चार्ज करूनही तोच सेल पडत असेल तर तो कमजोर आहे.

क्षमता मोजायची तर पूर्ण चार्ज करून, जेट्टीसमोरच्या पाण्यात, अर्ध्या थ्रॉटलवर येरझारा घाला आणि किती अँपिअर-तास निघाले ते मीटरवर बघा. वल्ही होडीत हवीतच आणि काठावर दुसरी होडी तयार असू द्या. १०० ची बॅटरी ८५-९० देत असेल तर ती ठीक आहे. ६० वर बंद पडली तर मात्र बॅटरीची वेळ झाली.

लेड-ॲसिड वापरत असाल तर हिशेब वेगळा. पाटीवरचे १०० अँपिअर-तास सहसा २० तासांत सावकाश वापरण्याचे असतात. ५० अँपिअर ओढले तर हातात ५०-६० च येतात, आणि हा बिघाड नाही. बारा व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून ४८ केले असतील तर प्रत्येकीचे व्होल्ट वेगळे मोजा. विश्रांतीनंतर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. चार भरल्यावर एकच मागे राहत असेल तर तीच दोषी. जुन्या तिघींत एक नवी घातली तर ती नवीही लवकर जाते, हे आधी लक्षात घ्या.

जेट्टीला बांधून ओढ

दोष तळात आहे की मोटरीत हे कळत नसेल तर शेवटची युक्ती. मासळी तोलायचा लटकवायचा काटा घ्या, १०० किलोपर्यंतचा. न ताणणाऱ्या दोरानं होडी आणि जेट्टी यांच्यामध्ये तो बांधा, होडीमागे मोकळं खोल पाणी असू द्या, आणि २०-३० सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. माझ्या होडीला ५५ किलोच्या आसपास ओढ येते. जागेवर उभ्या होडीला तळाचं घर्षण लागत नाही, म्हणून ओढ जुन्या आकड्याइतकी आणि वेग कमी असेल तर दोष तळात किंवा वजनात. ओढच कमी असेल तर पंखा किंवा मोटर. दोराच्या रेषेत कुणाला उभं करू नका, तुटलेला दोर चाबकासारखा येतो.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी घरी करू नका, मीही सगळ्या करत नाही.

बॅटरी फुगली असेल, वास येत असेल, काही न चालवता गरम लागत असेल, किंवा खाऱ्या पाण्यात बुडाली असेल: चार्जिंग बंद, माणसं लांब, बॅटरी घरात किंवा गाडीत आणू नका. कोरडी दिसू लागली म्हणून पुन्हा जोडू नका, आतलं मीठ नंतर आठवड्यांनीही आग लावू शकतं. विक्रेत्याला किंवा बॅटरीच्या तंत्रज्ञाला बोलवा.

चार्ज करताना होडीच्या लोखंडाला किंवा जेट्टीच्या कठड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर पहिल्यांदा किनाऱ्यावरचा मेन बंद करा आणि पाण्यात कुणालाही उतरू देऊ नका. पाण्यात पसरलेल्या विजेनं पोहणाऱ्याचे हातपाय आखडतात आणि तो बुडतो. परवानाधारक वायरमननं अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) तपासल्याशिवाय चार्जर पुन्हा लावायचा नाही.

६० व्होल्टच्या वरची प्रणाली असेल तर कोणतंही झाकण उघडू नका. ४८ व्होल्टच्या बॅटरीवरही दोन खिळ्यांमध्ये पाना पडला तर तो वितळतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा आणि पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

बॅटरी सारखी बंद पडते म्हणून संरक्षक सर्किट बाजूला काढून सरळ तारा जोडायला सांगणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. असं केलेल्या बॅटरीवर मी काम करत नाही.

गिअरचं तेल दुधासारखं पांढरं झालं असेल तर आत पाणी गेलंय. सील बदलून दाबाची चाचणी करावी लागते, ती कार्यशाळेतच होते. तोवर मोटर चालवू नका. कंट्रोलर तोच एरर कोड पुन्हा पुन्हा दाखवत असेल, किंवा हातानं पंखा फिरवताना आतून खरखर येत असेल, तरीही तेच.

आणि कारागिराकडे जाताना हे लिहून न्या: तिथी आणि वेळ, माणसं किती, दोन्ही दिशांचा वेग, वॅट, चालू मोटरवरचे बॅटरीचे व्होल्ट, कंट्रोलरच्या टोकाचे व्होल्ट. हे सहा आकडे हातात असले की माझा निम्मा दिवस वाचतो आणि तुमचे त्याचे पैसे. होडी आज ठीक चालत असेल तरी येत्या भांगात एका सकाळी हे आकडे घ्या आणि बाकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.